भीती बोलून दाखवायला जागा हवी

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, तेव्हा खरडून गेलेल्या जमिनी, वाहून गेलेली जनावरे, रखडलेले पंचनामे आणि अनुदानाच्या याद्या यांविषयी वृत्तपत्रांनी सातत्याने लिहिले. नुकसानीचा हिशेब मांडलाच पाहिजे. परंतु ज्या घरातले सोयाबीन उभ्या शेतात कुजले, त्या घरातल्या माणसांना रात्री झोप लागते की नाही, हे कोणत्याही पंचनाम्यात येत नाही. जालना जिल्ह्यातील एका ख्रिस्ती मंडळीची सभासद आणि निवृत्त शिक्षिका या नात्याने मला या न नोंदलेल्या भीतीविषयी, आणि विशेषतः तिच्या बाबतीत आमच्या चर्चनी काय करायला हवे याविषयी लिहायचे आहे.

आमच्या मंडळ्यांत एक समज खोलवर रुजला आहे, तो म्हणजे ज्याला भीती वाटते त्याचा विश्वास कमी. त्यामुळे उपासनेत साक्ष देण्याची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते सर्वांपुढे सांगण्याची, वेळ आली की संकटातून सुटलेली माणसे उभी राहतात, संकटात असलेली बसून राहतात. कर्जाची नोटीस आलेला माणूस रविवारी इस्त्रीचा सदरा घालून उपासनेला येतो, सर्वांना सलाम करतो, ‘देवाची कृपा आहे’ म्हणतो आणि तसाच घरी जातो. शेजारच्या बाकावरच्या माणसाला काही कळत नाही. कळते तेव्हा कधी कधी फार उशीर झालेला असतो.

हा समज पवित्र शास्त्राला धरून नाही, असे माझे ठाम मत आहे. गेथशेमाने बागेत प्रभू येशू स्वतः व्याकूळ झाला होता आणि पेत्र, याकोब व योहान या शिष्यांनी आपल्याजवळ थांबून जागे राहावे, अशी त्याने त्यांना विनंती केली होती. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहिताना, मासेदोनियात असताना आपल्याला बाहेर भांडणे आणि आत भीती होती, असे उघड सांगतो. आणि देवाने आपले सांत्वन केले ते तीत या सहकाऱ्याच्या येण्याने, असेही तो त्याच ओघात सांगतो. म्हणजे देवाचे सांत्वन माणसाच्या पायांनी चालत आले. पुढे पेत्र आणि योहान यांना अधिकाऱ्यांनी येशूच्या नावाने बोलू नका असे धमकावून सोडले, तेव्हा ते दोघे थेट आपल्या माणसांकडे गेले, घडले ते सगळे त्यांनी सांगितले आणि मग सर्वांनी मिळून प्रार्थना केली. त्या प्रार्थनेत धमक्या थांबाव्यात अशी मागणी नाही, धैर्याने बोलता यावे अशी आहे. आधी सांगणे आणि मग प्रार्थना, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो, कारण आमच्याकडे सांगण्याची पायरी गाळून एकदम प्रार्थनेला सुरुवात होते.

जालन्याच्या ख्रिस्ती माणसाला हे कोणी बाहेरून येऊन शिकवायला नको. मूळच्या ब्राह्मण कुटुंबातील रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर त्यांना आपल्या घराला व जातीला मुकावे लागले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याच्या शुद्धीकरणावरून, म्हणजे त्याला पुन्हा जातीत घेण्यावरून, त्याच सुमारास मुंबईत केवढा वाद पेटला होता, हे महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाच्या वाचकांना ठाऊक आहे. एकटे पडणे म्हणजे काय, हे स्वतः भोगलेल्या या माणसाने पुढे जालन्याजवळ, हैदराबाद संस्थानाकडून मिळालेल्या जमिनीवर, बेथेल हे गाव वसवले. तेथे येणाऱ्यांत बहुसंख्य महार आणि मांग समाजातील कुटुंबे होती. त्या काळी गावाचा रोष ओढवून घेणे म्हणजे पाणी, मजुरी आणि सोयरीक या तिन्हींवर पाणी सोडणे होते, आणि तेवढी हिंमत एकेकट्याकडून अपेक्षिणे अन्यायाचे आहे, हे शेषाद्रींनी ओळखले असावे, असे मला वाटते. शेजार असला तरच विश्वास टिकतो, हा बेथेलचा धडा आम्ही त्याच जिल्ह्यात राहून विसरत चाललो आहोत.

गेल्या हिवाळ्यात जवळच्या एका गावातील घरसभेला मी गेले होते. पुढील हकिगत मी त्या घरच्या बाईंच्या संमतीने, नाव आणि गाव न देता सांगत आहे. दुसरे गीत संपल्यावर पेटी बाजूला सरकवली गेली आणि पाळकांनी प्रार्थनेचे विषय विचारले. नेहमीप्रमाणे आजारपण, मुलाची नोकरी, मुलीचे लग्न असे विषय आले. मग या बाईंनी आपल्या शास्त्राच्या वेष्टनातून चार घड्या घातलेली बँकेची नोटीस काढली आणि दहावीतल्या पुतण्याला ती मोठ्याने वाचायला सांगितली. थकबाकीचा आकडा ऐकून त्यांच्या सासूबाईही चमकल्या, कारण घरात तो कोणालाच माहीत नव्हता. थोड्या वेळाने मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांपैकी एकाने स्वतःचा आकडा सांगितला. त्यांच्या मागे बसलेल्या एका सुनेने मायक्रोफायनान्सच्या हप्त्याचा दिवस आला की आपण दार लावून घेतो, हे कबूल केले. त्या रात्रीची प्रार्थना लांबली आणि तीत प्रत्येकाचे नाव घेतले गेले. दुसऱ्या दिवशी मंडळीतील दोघे जण त्या बाईंबरोबर कर्जाच्या पुनर्गठनाचा अर्ज घेऊन बँकेत गेले. कर्ज माफ झालेले नाही, व्याजही थांबलेले नाही. तरी त्या बाई आता साहेबांपुढे उभ्या राहून प्रश्न विचारतात. कडब्याचा भारा डोक्यावर पेलणाऱ्या बाईलाही तो उचलून डोक्यावर ठेवायला दुसऱ्याचा हात लागतो, आणि आमच्या भागात असा हात देताना कोणी कोणाची जात किंवा धर्म विचारत नाही.

परंतु हे सर्वत्र का होत नाही, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. एक कारण असे की मंडळीत सांगितलेली गोष्ट मंडळीत राहत नाही. प्रार्थनेचा विषय म्हणून सांगितलेली अडचण सोमवारी पाणवठ्यावर पोहोचते आणि एकदा पोळलेला माणूस पुन्हा तोंड उघडत नाही. दुसरे कारण मला अधिक गंभीर वाटते. विश्वास धरला की कर्ज फिटेल, आजार जाईल, गोळ्यांची गरज उरणार नाही, अशी आश्वासने देणारे काही सेवक म्हणवणारे उपदेशक गावोगावी फिरत आहेत. नैराश्याच्या किंवा रक्तदाबाच्या रुग्णाला औषध बंद करायला सांगणे ही सेवा नव्हे, तो जिवाशी खेळ आहे. आश्वासन फळले नाही की दोष पुन्हा त्या बिचाऱ्याच्या विश्वासावरच येतो आणि आधीच्या भीतीत लाजेची भर पडते. अशा सेवकांना व्यासपीठ देणाऱ्या मंडळ्यांच्या वडीलजनांनी याचे उत्तर दिले पाहिजे.

मराठवाड्याची भीती अर्थातच एकट्या ख्रिस्ती लोकांची नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीची घरे कोसळली आणि त्यानंतर छपराखाली झोपायला धजत नसलेल्या माणसांत सगळ्या धर्मांचे लोक होते. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा टँकरच्या रांगेतही तसेच होते.

म्हणून आमच्या मंडळ्यांना, मग त्या उत्तर भारतीय चर्च (सीएनआय) या प्रोटेस्टंट संस्थेच्या असोत, कॅथलिक असोत वा स्वतंत्र असोत, माझी विनंती आहे की आठवड्यातून एका संध्याकाळी चर्चचे दार केवळ बोलायला आणि ऐकायला उघडे ठेवावे. तेथे उपदेश नको, वर्गणी नको. येणाऱ्याचा धर्म विचारू नये आणि येणे हा त्याला धर्मात ओढण्याचा मार्ग करू नये. तसे झाल्याचा नुसता संशय आला तरी गरजू शेजारी पुन्हा फिरकणार नाही. ऐकणाऱ्यांनी गुप्ततेची शपथ घ्यावी. केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दारावर मोठ्या अक्षरांत लावावा आणि ज्याच्या बोलण्यात जीव देण्याचा विचार डोकावेल, त्याला एकटे न सोडता जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागापर्यंत सोबत न्यावे. बँकेचे, पीकविम्याचे आणि अनुदानाचे अर्ज भरून देण्यासाठी तरुण संघातील दोन मुले तेथे बसली तर फार उपयोग होईल.

ऐकणाऱ्यांमध्ये निम्म्या तरी स्त्रिया असाव्यात, असा माझा आग्रह आहे. नवरा गेल्यानंतर कर्ज जिच्या नावावर येते, ती बाई पुरुषांच्या बैठकीत बोलत नाही. महिला संघाने ही जबाबदारी घ्यावी आणि वडीलमंडळाने त्यांना तशी मोकळीक द्यावी. येत्या पेरणीच्या आधी, बियाण्याच्या उधारीची बोलणी सुरू होण्यापूर्वी, ही संध्याकाळ ठरली पाहिजे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, जालना