अहवाल ग्रामसभेत वाचा, मगच शिक्का

महोदय,

पदवीच्या नव्या अभ्यासक्रमात गावात जाऊन काम करण्याला क्रेडिट मिळू लागले, याचं आपल्या दैनिकात बरंच कौतुक छापून आलं. मी दर्यापूर तालुक्यातल्या एका लहान ग्रामपंचायतीची सदस्य आहे. पोरं ज्या गावात येतात, त्या गावाकडूनही चार शब्द ऐकावेत.

आमच्याकडे ही पोरं येतात ती बहुधा डिसेंबरात, सकाळी दहा-अकराला. त्या वेळी गावात असतं कोण? बाया कापूस वेचायला गेलेल्या, माणसं वावरात. घरी सापडतात त्या म्हाताऱ्या. शौचालय आहे का, गॅस आहे का, घरात शिकलेले किती, एवढं त्यांना विचारायचं. हे सगळं अंगणवाडीच्या आणि आशाताईच्या रजिस्टरात आधीच लिहिलेलं आहे. आमच्या आळीतल्या एका आजीनं एका मुलीला तोंडावरच विचारलं, "काहून वं माय, मांगच्या साली लिहून नेलं, त्याचं काय झालं?" पोरगी पहिल्यांदाच आलेली, ती बिचारी काय सांगणार? मग शाळेपुढे बॅनर धरून फोटो. तोही जिओटॅगवाला, म्हणजे कुठे काढला त्याची नोंद असलेला, लागतो म्हणे.

गाडगेबाबा याच मुलखात फिरले. दिवसा खराटा, रात्री कीर्तन. माणसं घरी कधी असतात हे त्यांना ठाऊक होतं. १९६९ मध्ये ३७ विद्यापीठांत एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, सुरू झाली, तिच्या शिबिरात पोरं सात दिवस गावातच मुक्कामाला असतात, म्हणून रात्री भेट तरी होते. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात तर दर तुकडीला एक गाव दिलेलं असतं. विद्यार्थ्याला काही कुटुंबं नेमून देतात आणि तो त्याच घरांत पुन्हा पुन्हा जातो. म्हणजे आपल्या विदर्भात हे जमतं.

आमचा भाग खारपाणपट्ट्याचा. पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणी खारं, विहीर खोदून ना पिण्याची सोय ना ओलिताची. नळ चार दिवस आला नाही की हापशीच. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक म्हणतं, विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत. आमच्या हापशीचा आकडा किती? मे महिन्यात किती, दिवाळीत किती? रसायनशास्त्राच्या पोरांना हे काम जड नाही. मोजायचं यंत्र पेनाएवढं असतं, काही शे रुपयांत मिळतं. दर महिन्याला त्याच हापशीचं पाणी मोजायचं आणि आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायचा. वर्षभराचे आकडे हाती असले, तर पंचायत समितीत आम्हाला तोंड उघडता येतं. नाहीतर "पाणी खारं आहे" हे तिथे सगळ्यांना पाठ आहे.

प्राध्यापकांना तरी किती बोलावं? त्यातले कितीतरी तासिका तत्त्वावर, हाताखाली ढीगभर पोरं, आणि एसटीचं भाडं खिशातून. पण कामाचा विषय गावाला विचारून ठरवायला पैसे लागत नाहीत. अहवाल मराठीत लिहून २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचायलाही लागत नाहीत.

सध्या काम झाल्याचा ग्रामपंचायतीचा सही-शिक्का पोरं आल्या दिवशीच घेऊन जातात. अहवाल वाचल्याशिवाय शिक्का द्यायचा नाही, असा विषय मी मासिक सभेत मांडला. ग्रामसेवक म्हणतात, तसा नियम नाही. मग विद्यापीठांनी तो करावा.

तोवर यंदा जी पोरं आमच्याकडे येणार असतील त्यांनी संध्याकाळी सातनंतर यावं, मुक्कामी राहावं. निजायला समाजमंदिर आहे, आणि जेवणाचं आमचा बचत गट पाहून घेईल.

— एक ग्रामपंचायत सदस्य, ता. दर्यापूर, जि. अमरावती