कवलापूरच्या आराखड्यात हायड्रोजनला जागा ठेवा

प्रति,
मा. राज्यमंत्री, नागरी हवाई वाहतूक, भारत सरकार

सादर नमस्कार.

कवलापूरला विमानतळ व्हावा, ही आम्हा सांगलीकरांची जुनी मागणी. तिच्या निवेदनांत आणखी एकाची भर घालत नाही. मागणं एवढंच, की आराखडा होईल तेव्हा विमानांचं इंधन म्हणून वापरायच्या हायड्रोजनच्या साठ्यासाठी, वस्तीपासून दूर, जागा राखून ठेवा.

कल्पनाविलास वाटेल, म्हणून सांगतो. १९ जानेवारी २०२३ ला ब्रिटनमधल्या केंबलहून झिरोएव्हिया कंपनीचं १९ आसनी डॉर्निअर २२८ दहा मिनिटं उडालं. डाव्या बाजूला विजेची मोटर होती. तिला वीज पुरवत होते फ्युएल सेल आणि बॅटऱ्या. उजवीकडे मात्र नेहमीचंच इंजिन. म्हणजे अर्धंच यश, पण खरं. फ्युएल सेलमध्ये हायड्रोजन जळत नाही. ऑक्सिजनशी संयोग होऊन वीज मिळते आणि उरतं ते पाणी. हेच डॉर्निअर आपली सरकारी कंपनी हिंदुस्तान एरोनॉटिक्स (एचएएल) कानपूरला बनवते, आणि एप्रिल २०२२ पासून अलायन्स एअरने ते ईशान्येत प्रवासी सेवेत आणलं.

अडचण जागेची आहे. किलोमागे हायड्रोजनमध्ये विमानाच्या इंधनाच्या जवळपास तिप्पट ऊर्जा, पण उणे २५३ अंशांवर द्रवरूप ठेवला तरी तेवढ्याच ऊर्जेला टाकी चौपट लागते. लांब पल्ल्याची विमानं त्यावर इतक्यात उडणार नाहीत. एअरबसनेही हायड्रोजन विमानाचा २०३५ चा वायदा पुढे ढकललाय. सांगली ते मुंबई हवाई अंतर मात्र साधारण ३०० किलोमीटर. सुरुवात करायची तर अशाच मार्गावर.

हायड्रोजन पाण्यातून विजेने वेगळा करायचा. ती वीज आपल्या जिल्ह्यातल्या ढालगावच्या पवनचक्क्यांकडून घेता येईल. एका किलोला पन्नासहून जास्त युनिट लागतात, ही काही थोडी वीज नव्हे. शिवाय किमान नऊ लिटर शुद्ध पाणी. ते शेतीला पाणी देणाऱ्या म्हैसाळ योजनेतून घ्याल तर जतचे शेतकरी पहिल्याच उन्हाळ्यात रस्त्यावर उतरतील, आणि त्यांचं बरोबरच असेल. सांगली-मिरजेचं सांडपाणी शुद्ध करूनच वापरायचं, ही अट आधीच लेखी घाला.

राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला १९,७४४ कोटी मंजूर आहेत. त्यात पोलाद, जहाजं, ट्रक-बस यांच्या प्रायोगिक प्रकल्पांना पैसा आहे. एचएएलच्या एका २२८ वर अशी मोटर बसवून चाचणी घ्यायला त्यातून निधी मिळावा, यासाठी आपण संबंधित मंत्रालयाशी बोलावं. कवलापूरचा नकाशा मंजूर होण्याआधी बोललात तर उपयोग.

आपला,
एक सांगलीकर