धबधब्याखाली ऊन, सड्यावर पाऊस

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सातारा जिल्ह्यातल्या ठोसेघर, वजराई, ओझर्डे या धबधब्यांवर दर पावसाळ्यात गर्दी उसळते आणि दर पावसाळ्यात बंदीचे आदेश निघतात. बंदीने गर्दी थांबलेली नाही. ‘धोकादायक ठिकाण, पाण्यात उतरू नये’ हा फलक ओलांडून पोरे खाली उतरतातच, कारण धोका नेमका कशात आहे हे त्यावर लिहिलेलेच नसते.

आपल्या धबधब्यांच्या माथ्यावर सडे, म्हणजे कातळाची सपाट पठारे, आहेत. कासच्या बाजूला तर जांभ्याचा कातळ आणि वर माती जेमतेम. पावसाला मुरायला जागाच नाही, पडेल ते पाणी थेट ओढ्याला लागते. खाली डोहापाशी ऊन असले तरी वर जोराची सर आली की थोड्याच वेळात लोंढा कड्यावरून कोसळतो. पाणी गढूळ होणे, पालापाचोळा वाहत येणे, धारेचा आवाज वाढणे या खुणा गावातल्या शाळकरी पोरालाही कळतात. बाहेरून आलेल्याला त्या कोणी सांगत नाही. जून २०२४ मध्ये लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, ते असेच पाणी अचानक वाढल्यामुळे.

पट्टीच्या पोहणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. धार पडते तिथले पाणी हवेच्या बुडबुड्यांनी पांढरे झालेले असते. त्यात अंग नीट तरंगत नाही, हात मारायला पुरेसे पाणी लागत नाही आणि डोहाच्या पृष्ठभागावरचा प्रवाह माणसाला उलट धारेखालीच ओढतो. विहिरीत किंवा कृष्णेच्या संथ पात्रात शिकलेले पोहणे इथे पुरे पडत नाही.

फोटोसाठी तर धारेजवळ जाण्याचे कारणच नाही. तुषारांनी लेन्स भिजते आणि काहीच नीट येत नाही. लांबून, ट्रायपॉडवर, ढगाळ उजेडात अर्ध्या सेकंदाच्या आसपास शटर ठेवावे. पाणी रेशमासारखे उतरताना दिसते. ठोसेघरच्या गॅलरीतून धार आणि दरी दोन्ही मिळतात. त्याच भागातल्या बोरणे घाटात ऑगस्ट २०२४ मध्ये सेल्फी काढताना एक तरुणी दरीत कोसळली होती. दोर लावून तिला वर काढले म्हणून ती वाचली.

माझी मागणी साधी आहे. शनिवार-रविवारी सड्यावर गावातलाच एक जाणता माणूस वायरलेस देऊन बसवावा. मोबाईलच्या रेंजवर विसंबू नये. वर पाऊस वाढला की त्याने खाली डोहापाशी नेमलेल्या माणसाला कळवावे आणि खालच्याने शिट्टी मारून सर्वांना बाहेर काढावे. प्रवेशशुल्क आणि वाहनतळाच्या पैशातून त्यांचा रोज द्यावा. फलकांवर पाणी वाढण्याच्या खुणा ठळक लिहाव्यात. कोसळत्या धारेखालचे डोह पावसाळाभर बंदच ठेवावेत. पाऊस ओसरल्यावर, धारेपासून दूरचे उथळ डोह मात्र दोर, लाइफ जॅकेट आणि स्थानिक तरुणांच्या देखरेखीत खुले करावेत. आपल्याच डोंगरातल्या पाण्यात पोरांनी कधी पोहूच नये, हे मला पटत नाही.

ही नेमणूक जुलैत नव्हे, मे महिन्यातच व्हायला हवी. जिल्हा प्रशासन आणि वन विभागाने मान्सूनपूर्व बैठकीत हा विषय घ्यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा