ओवी पाचवीला चालली

सातारा,
२५ मे २०२५

प्रिय मनू,

परवा तुझा फोन आला तेव्हा घरात पाहुणे होते, म्हणून मी नुसतं हं हं करत राहिले. "वैशू, आमची ओवी पाचवीला चालली, पण पाचवी म्हणजे नेमकं काय असतं गं, जो तो मला घाबरवतोय," हे तू म्हणालीस आणि ते माझ्या डोक्यातून जाईना. आज रविवार आहे. मे महिना असून आठवडाभर पाऊस लागलाय, अजिंक्यतारा सकाळपासून ढगातच आहे. म्हटलं, निवांत लिहावं. तुमच्या द्राक्षबागेवर औषध मारायला तरी उघडीप मिळतेय का? खरड छाटणीनंतर काडीत घड धरायच्या दिवसांत असं ढगाळ हवामान किती वाईट, हे दाजींनी मला एकदा बांधावर उभं राहून समजावलं होतं.

आपली पाचवी आठवते? चौथीपर्यंत एकच बाई. आपण डबा खाल्ला नाही तर तेही त्यांना कळायचं. हायस्कुलात पहिल्या दिवशी घंटा झाली, सर वर्गाबाहेर गेले आणि तू दप्तर भरून मला विचारलंस, "सुटली का शाळा?" मनू, गेली अकरा वर्षं मी पाचवीला शिकवते आणि दर जूनमध्ये एक तरी पोर असंच दप्तर भरताना दिसतं. पाचवी अवघड जाते ती इथून. पुस्तकं नंतर येतात. एका बाईंच्या जागी सहा-सात शिक्षक, प्रत्येकाची वही वेगळी, वही तपासायचा वार वेगळा, आणि आपल्या पोरीला आज बरं नाही हे कुणा एकाला ठाऊक असेल असं नाही. आवारात दहावीची उंच मुलं. काल चौथीत ती सगळ्यात मोठी होती, आज सगळ्यात लहान.

हा उंबरठा जुनाच आहे बघ. माझी आजी "मराठी चौथी झाले" असं अभिमानानं सांगायची, कारण त्यापुढे इंग्रजी पहिली सुरू व्हायची, म्हणजे आपली आत्ताची पाचवी. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव ७ नोव्हेंबर १९०० ला इथल्या राजवाड्यातल्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, इंग्रजी पहिलीतच दाखल झालं. रजिस्टरला क्रमांक १९१४. म्हणून तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस असतो. दर वर्षी मी वर्गाला सांगते, की नऊ वर्षांचा तो मुलगा तुमच्याच वर्गात होता. पोरं एकदम गप्प होतात, मग कुणीतरी विचारतं, "बाई, कुठल्या बाकावर?"

आता तुझे प्रश्न. सांगलीच्या शाळेत घालायचं की गावातल्या हायस्कुलात? माझं मत विचारशील तर गावातच. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना पाचवीपासून शाळेसाठी एस.टी.चा पास फुकट मिळतो, हे तू म्हणालीस ते खरं आहे. पण पास पैसे वाचवतो, वेळ नाही. तासगाव तालुक्यातल्या तुमच्या गावाहून सांगलीला जाऊन-येऊन रोज दोन-अडीच तास जाणार. दहा वर्षांच्या पोरीनं ते स्टँडवर आणि गाडीत उभ्यानं काढायचे, मग ती खेळणार कधी?

दुसरं कारण नवोदयचं, म्हणजे सहावीपासूनच्या केंद्र सरकारच्या निवासी शाळेचं. तुमच्या जिल्ह्याचं नवोदय पलूसला आहे आणि दाजींच्या मनात ते आहे, हे मला ठाऊक आहे. तिथल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात, पण त्यात बसायला तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्ण ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागतात. पाचवीला सांगली शहरात नाव घातलंत की ती वाट बंद. हे बऱ्याच पालकांना दाखला काढून झाल्यावर कळतं. आणि ती परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते, पाचवीत असतानाच. ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास.

शिष्यवृत्ती आपण चौथीला दिली होती. ती २०१६-१७ ला पाचवीला आली आणि ओवीच्या वर्षी, म्हणजे २०२५-२६ ला, पाचवीलाच आहे. दोन पेपर, प्रत्येकी १५० गुणांचे, दीड-दीड तासाचे. भाषा आणि गणित एका पेपरात, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता दुसऱ्यात. शिवाय आमच्या साताऱ्याची सैनिक शाळा सहावीला मुलींनाही घेते, म्हणजे तिची प्रवेश परीक्षा तिसरी. तिन्हीही द्यायच्या म्हणतेस. मनू, एकच निवड. एवढं ठामपणे का म्हणते ते सांगते, आणि हे मी अजून कुणाला नीट सांगितलेलं नाही.

माझी सई पाचवीला गेली तेव्हा मला वाटलं, मी तर पाचवीचीच बाई, मला कोण शिकवणार. शाळा सुटली की शिष्यवृत्तीचा क्लास, शनिवार-रविवार सराव चाचण्या. चाचण्यांचे गुण मी कॅलेंडरवर लिहून ठेवायचे. दिवाळीनंतर दर सोमवारी सकाळी तिचं पोट दुखायला लागलं. डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. एका संध्याकाळी आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. मी काहीच विचारत नव्हते, बहुधा म्हणूनच ती बोलली. तिच्या चौथीतल्या सगळ्या मैत्रिणी दुसऱ्या तुकडीत गेल्या होत्या. जूनपासून ती मधल्या सुट्टीत जिन्याखाली एकटीच डबा खात होती. पाच महिने! मी रोज विचारायचे, आज काय शिकवलं, किती पडले. डबा कुणाबरोबर खाल्लास, हे एकदाही विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी क्लास बंद केला, तिच्या वर्गशिक्षिकांना भेटले. महिनाभरात पोट दुखायचं थांबलं. पण ते पाच महिने मला आजही टोचतात गं.

म्हणून ओवीची संध्याकाळ सांभाळ. तिला रोज एवढंच विचार, की डबा कुणाबरोबर खाल्ला. तेही समोर बसवून नको, भाकरी थापताना, शेंगा फोडताना सहज विचार. पहिल्या आठवड्यात वर्गशिक्षकांना जाऊन भेट आणि ओवी गप्प असली की तिचं काय चाललेलं असतं, ते त्यांना सांगून ठेव. साठ मुलांत आम्हाला ते आपोआप कळत नाही.

अभ्यासाचं म्हणशील तर शाळा उघडेपर्यंत दोनच गोष्टी बघ. पेपरातली एखादी बातमी तिला मोठ्यानं वाचायला लाव आणि मग तिच्या शब्दांत सांगायला लाव. अडखळली तर रोज दहा मिनिटं तेवढंच करा. कारण पाचवीत गणितसुद्धा वाचूनच सोडवायचं असतं, आणि माझ्याकडे गणितात मागे पडणारी निम्मी मुलं खरं तर वाचण्यात अडलेली असतात. दुसरं, तीन अंकी संख्येला एका अंकानं भागायला दे. भागाकार बसला असेल तर पुढचे अपूर्णांक, दशांश, विभाज्य-विभाजक हे सगळं पेलतं. तो कच्चा असेल तर आत्ताच सांग, मी फोनवर तिला शिकवीन.

हिंदी तिला नवीन आहे. लिपी ओळखीची म्हणून घरचे निर्धास्त असतात, पण ओळखीचे शब्दच फसवतात. गेल्या वर्षी एका मुलानं धड्यात "शिक्षा" वाचलं आणि घाबरून विचारलं, "बाई, याला कशाबद्दल शिक्षा केली?" हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

इतिहासाचंही असंच होतं. चौथीत शिवरायांची गोष्ट असते, पोरं त्यात जगतात. पाचवीत परिसर अभ्यासाच्या दुसऱ्या भागात एकदम इतिहास म्हणजे काय, काळ कसा मोजतात, उत्क्रांती, अश्मयुग. इसवी सनापूर्वीचे आकडे उलटे मोजायचे म्हटल्यावर चांगली चांगली मुलं गोंधळतात. तुझ्याकडे यावर फार चांगला उपाय आहे, तुझे सासरे! भिंतीवर एक लांब कागद चिकटव, त्यावर रेघ मार आणि ओवीला आजोबांना विचारून भरू दे. १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, पहिली द्राक्षबाग कधी लावली, आई या घरात कधी आली, ओवीचा जन्म, २०१९ चा सांगलीचा महापूर. मग आजोबांच्या जन्माच्या मागे मोजायला लाव. मागे मोजणं म्हणजे काय, ते तिला तिथंच कळेल.

पाचवीत पेन्सिल सुटून पेन हातात येतं. हे क्षुल्लक वाटेल, पण खोडता येत नाही म्हणून उत्तर येत असूनही जागा कोरी सोडणाऱ्या मुली मी पाहिल्यात. खाडाखोड झाली तर एक आडवी रेघ मारून पुढे लिहायचं, कुणी रागावत नाही, हे तिला आत्ताच सांग. आणि खरंच रागावू नकोस.

वार्षिक परीक्षेत नापास झालं तर फेरपरीक्षा आणि त्यातही राहिलं तर पुन्हा पाचवीत बसवतात, हा नियम आता आहे. तुझ्या जाऊबाईंनी सांगितलं ते खोटं नाही. पण वाचता येणाऱ्या, शाळेत येणाऱ्या मुलीनं त्याची धास्ती घ्यायचं कारण नाही. तिच्यासमोर तो विषयसुद्धा काढू नका.

एक नाजूक गोष्ट. ओवी दहा वर्षांची झाली. हल्ली पाचवी-सहावीतच पाळी सुरू झालेल्या मुली दर वर्षी असतात आणि माहीत नसल्यानं जीव जाईल इतक्या घाबरतात. तू स्वतः तिच्याशी बोल, जूनच्या आत. दप्तराच्या आतल्या कप्प्यात एक पॅड आणि जादा चड्डी ठेव. शाळा बघायला जाशील तेव्हा मुलींचं स्वच्छतागृह आत जाऊन बघ, पाणी आहे का, कडी लागते का. तिथं जायला नको म्हणून कितीतरी मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत.

शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की तिथंच उभं राहून वाच. ओवीचं नाव, तुझं नाव, जन्मतारीख, सगळं आधार कार्डाशी जुळतंय का बघ. चूक असेल तर मराठी शाळेतच दुरुस्त करून घे. हीच नोंद दहावीपर्यंत पुढे जाते आणि तेव्हा दुरुस्तीसाठी किती हेलपाटे पडतात, ते मी दर वर्षी बघते.

शाळा १६ जूनला उघडतेय. त्याआधी दोन दिवस ओवीला घेऊन इकडे ये. सई आता आठवीला आहे, तिनंच तिला आमची शाळा दाखवायचं कबूल केलंय, घंटा झाल्यावर शाळा सुटत नाही हेसुद्धा तीच सांगणार आहे. सकाळची एस.टी. धर म्हणजे दुपारच्या जेवणाला पोचाल. येताना ओवीची चौथीची गणिताची वही आण, आणि थोडे बेदाणे आण, गेल्या वेळचे सईनं दोन दिवसांत संपवले.

दाजींना आणि आई-अण्णांना नमस्कार. ओवीला पापा.

तुझी,
वैशू