लोक आमच्याकडे येतात, आम्ही कधी जायचं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाताळ आला की पेपरात फोटो येतात, गोठा, तारा, कॅरल म्हणणारी मुलं, आणि खाली ओळ असते की सर्व धर्माच्या लोकांनी गर्दी केली. ते खरंच असतं. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा असते तेव्हा तर मुंबई-गोव्यापासून लोक येतात आणि आमच्या कॉलनीतल्या कितीतरी हिंदू बायका मेणबत्ती लावायला जातात, नवस बोलतात, फेडतात. मी ख्रिस्ती आहे, हे बघून मला मनापासून आनंद होतो. पण आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, जो विषय फारसा कोणी काढत नाही तो आज काढते. लोक आमच्याकडे येतात, आम्ही त्यांच्याकडे किती जातो?

पत्रकं वाटायला किंवा प्रार्थनेला बोलवायला जाणं मी म्हणत नाहीये. नुसतं पाहुणा म्हणून जाणं. त्यांच्या घरी बसणं, त्यांच्या हातचं खाणं, काही लागलं तर मागणं.

आमचं हे असं वेगळं राहणं कुठून आलं त्यालाही कारण आहे. 1850च्या दशकात इथे नाशिकला चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस यांनी शरणपूर वसवलं तेव्हा बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला जातवाले वाळीत टाकायचे, घर बंद व्हायचं, पाणवठा बंद व्हायचा, मग जाणार कुठे? म्हणून गावाबाहेर वसाहत, शाळा, सुतारकाम-लोहारकाम शिकायची सोय. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंसुद्धा इथे राहिली, शिकली. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरलेल्या संशोधक लिव्हिंगस्टनचा मृतदेह घेऊन 1874 साली थेट लंडनपर्यंत गेला. आज शरणपूर रोडवर शोरूम बघत फिरणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल देव जाणे. तर शहर कधीच शरणपूरच्या चारी बाजूंनी वाढलं, पण आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात ती वसाहत अजून गावाबाहेरच आहे.

दुसरं म्हणजे आम्हाला सवय लागली ती देण्याची. मिशनने शाळा दिल्या, दवाखाने दिले, आजही गरिबांना ब्लँकेट वाटायचं म्हटलं की मंडळी लगेच पुढे. चांगलंच आहे ते, त्याला नावं ठेवत नाही. पण जो कायम देतो तो नकळत वरच्या पायरीवर उभा राहतो आणि घेणाऱ्याच्या मनात येतं की यांना माझ्याकडून काहीतरी हवंय. त्या संशयाने किती त्रास होतो ते आम्ही भोगतोय. शेजाऱ्याला डबा दिला तरी कोणीतरी विचारतं, धर्म बदलायला लावणार नाही ना?

प्रभु येशू कसा वागला ते बघा ना. शोमरोनी बाईकडे त्याने पहिली गोष्ट काय केली, तर प्यायला पाणी मागितलं. यहूदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नव्हते आणि हा तिच्याकडे पाणी मागतो, वर त्या गावकऱ्यांनी आग्रह केला म्हणून दोन दिवस तिथेच राहतो. लोक ज्याला पापी म्हणायचे त्या जकातदार जक्कयला म्हणाला आज मला तुझ्या घरी उतरायचंय. सत्तर शिष्यांना पाठवलं तेव्हाही सांगितलं की ज्या घरी जाल तिथे जे वाढतील ते खा. म्हणजे शिष्य हात पसरून, पाहुणे म्हणून जायचे होते. आम्ही मात्र ताट घेऊन जातो आणि ताट ठेवून परत येतो.

आता प्रसादाचा प्रश्न. आमच्यातल्या तरुण मुलांना हा फार छळतो, ऑफिसात गणपती बसला की आरतीला थांबायचं का, मोदक घ्यायचा का, नाही म्हटलं तर कलीगला वाईट वाटतं आणि हो म्हटलं तर मंडळीतलं कोणीतरी बोलतं. येशूचा प्रेषित पौल याने करिंथ शहरातल्या मंडळीला नेमकं यावरच लिहिलंय. बाहेरच्या कोणी जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, पुढे ठेवलेलं खा, खोदून विचारत बसू नका, मात्र हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कोणी सांगितलं तर खाऊ नका. माझं मत असं की प्रसाद कोणाला घ्यायचा नसेल तर नये घेऊ, तो त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे. पण तेवढ्यावरून दिवाळीच्या फराळालाच जायचं नाही, सत्यनारायणाचं जेवण म्हणून शेजाऱ्याचं दारच टाळायचं, हे कुठून आलं? त्याच पौलाने असंही लिहिलंय की जगातल्या लोकांशी संबंधच ठेवायचा नसेल तर तुम्हाला जगातून निघून जावं लागेल.

इथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. आमच्यातल्या अनेकांच्या आजोबा-पणजोबांना देवळाच्या पायरीवरसुद्धा उभं केलं जात नव्हतं. काळाराम मंदिराचा सत्याग्रह 1930 साली याच गावात झाला, आणि पाच वर्षांनी बाबासाहेबांनी धर्म सोडण्याची घोषणा केली ती आपल्याच जिल्ह्यात, येवल्यात. ज्या घराने हे भोगलंय त्या घरातल्या माणसाला तुम्ही का जात नाही असं फटकन विचारायचा मला हक्क नाही. मी देवळात जायचं म्हणतच नाहीये, शेजाऱ्याच्या घरी जायचं म्हणतेय, आणि तिथेही मानाने बोलावलं जात असेल तरच.

माझे सासरे गेले तेव्हा तीन दिवस आमच्या घरात चूल पेटली नाही, शेजारच्या घरांतून पिठलं-भाकरी, वरणभात येत होता, दफनाला अर्धी गल्ली आली होती, पाळकसाहेबांचं वचन सगळ्यांनी डोक्यावर रुमाल बांधून ऐकलं. पुढे त्यातल्याच एका घरी मयत झालं. दशक्रियेला रामकुंडावर आमच्या मंडळीतलं म्हणाल तर मी आणि माझे मिस्टर. बाकीच्यांना नेमकं कुठे उभं राहायचं, काय करायचं हेच समजत नव्हतं म्हणून कोणी आलंच नाही. अहो काही करायचं नसतं, नुसतं उभं राहायचं असतं!

आणि घ्यायचंच म्हटलं तर आम्ही आधीच किती घेतलंय. लक्ष्मीबाई टिळक इथल्याच जलालपूरच्या. त्यांचे पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले पण ओवी-अभंग सोडले नाहीत, तुकोबांचं ऋण त्यांनी उघड मानलं, आणि ते अभंग आम्ही आजही उपासनेत म्हणतो. 1917 साली मिशनचं काम सोडून त्यांनी देवाचा दरबार नावाचा येशूच्या अनुयायांचा मेळा काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. शंभर वर्षं झाली, आम्ही त्याच्या पुढे गेलो की मागे आलो?

2027च्या सिंहस्थाची तयारी चालू आहे. तेव्हा आमच्या मंडळ्या पाणपोई लावतील, बॅनर लावतील. त्याऐवजी आमच्या तरुण संघाची मुलं वॉर्डातल्या मंडळाकडे नाव देऊन त्यांच्या हाताखाली काम करतील तर जास्त बरं, गर्दी आवरायची, म्हाताऱ्यांना हात द्यायचा, आणि दुपारी त्यांच्याच पंगतीला बसायचं. पाळकसाहेबांनी गणपतीच्या आधीच्या रविवारी करिंथकरांचं ते पत्र उपदेशाला घ्यावं ही माझी विनंती, म्हणजे मुलं सणाच्या दिवशी गोंधळणार नाहीत.

आणि आपल्या पेपरच्या हिंदू वाचकांना एकच सांगते. आमच्यातल्या कोणी प्रसादाला हात जोडून नाही म्हटलं तर राग धरू नका, चहा टाका आणि बसवून घ्या.

आपली नम्र,
एक वाचक, नाशिकरोड