जादा मीटर जरूर बसवा, पण जोडणीचा तपशील लेखी घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्यात सोलापूरचा पारा ४२ अंशांच्या पुढे गेला की डॅशबोर्डवर वेगळे टेंपरेचर मीटर, ऑइल प्रेशर मीटर किंवा व्होल्टमीटर बसवून मागणारे वाहनमालक आमच्याकडे येऊ लागतात. वाहनांच्या वायरिंगचे काम करणारा कारागीर म्हणून मला ही मागणी योग्य वाटते. मात्र ज्या पद्धतीने ही मीटर अनेक ठिकाणी बसवली जातात, ती पद्धत इंजिनाला आणि प्रसंगी गाडीत बसलेल्या माणसांनाही धोक्याची आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

अलीकडच्या अनेक गाड्यांमध्ये तापमानाचा काटाच दिलेला नसतो. इंजिन थंड असताना निळा आणि फार तापल्यावर लाल दिवा एवढीच सोय असते. जिथे काटा आहे तिथेही तो बहुधा सुमारे ८० ते १०० अंशांच्या दरम्यान मधल्या रेषेवरच स्थिर राहील अशी कंपनीनेच रचना केलेली असते, कारण काटा थोडा हलला तरी ग्राहक घाबरून तक्रार घेऊन येतो. याचा परिणाम असा होतो की एसी चालू ठेवून, पूर्ण भरलेली गाडी भर दुपारी तुळजापूरचा घाट चढत असताना कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) तापमान हळूहळू वाढत असले, तरी चालकाला ते काटा एकदम वर उडाल्यावरच कळते. ऑइलच्या दिव्याची गोष्ट याहून गंभीर आहे. बहुतेक गाड्यांत तो दिवा ऑइलचा दाब साधारण ०.३ ते ०.५ बारपर्यंत (बार हे दाबाचे एकक) घसरल्यावर लागतो, आणि वेगात फिरणाऱ्या इंजिनाच्या बेअरिंगांना त्या क्षणी इजा होण्यास सुरुवात झालेली असू शकते. अंकांत तापमान आणि दाब दाखवणारे मीटर हवे असते ते यासाठी, आणि भाड्याच्या जीप, टेम्पो किंवा उसाच्या वाहतुकीच्या वाहनांना तर ते विशेष उपयोगी आहे.

आकडे समोर आल्यावर ते वाचताही आले पाहिजेत. १०० अंश दिसले की पाणी उकळले असे समजून चालक गाडी थांबवतात. परंतु १ बार दाबाचे रेडिएटरचे झाकण चांगले असेल तर साधे पाणीही सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही, आणि कूलंट मिसळले की ही मर्यादा आणखी वर जाते. आजच्या इंजिनांचे नेहमीचे तापमान ८५ ते १०५ अंशांच्या आसपास असते. आपल्या गाडीचा रोजचा आकडा कोणता हे ध्यानात ठेवून त्यापेक्षा काटा सातत्याने वर राहू लागला की लक्ष द्यावे. कूलंट पूर्ण गळून गेल्यावर सेन्सर कोरड्या हवेत उरतो आणि मीटर कमी तापमान दाखवू शकते, तेव्हा कूलंटच्या टाकीतील पातळी पाहण्याची सवय मीटर असतानाही सोडता येत नाही. काटा खाली राहावा म्हणून थर्मोस्टॅटच (इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाण्यापासून अडवणारी झडप) काढून टाकण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो, तो मात्र कृपा करून कोणी मानू नये. त्यामुळे इंजिन योग्य तापमानापर्यंत पोहोचण्यास उशीर लागतो, डिझेल-पेट्रोल जास्त जळते आणि झीज वाढते.

आता जोडणीविषयी. सर्वांत जास्त नुकसान फ्यूज न लावता थेट बॅटरीवरून आणलेल्या तारेने होते. मीटरला वीज अगदी थोडी लागते. पण पत्र्याच्या कडेवर घासून तारेचे आवरण सोलले गेले तर त्याच तारेतून बॅटरीचा पूर्ण प्रवाह वाहतो, तार लाल होते आणि डॅशबोर्डमागे आग लागते. म्हणून वीज जिथून घेतली त्याच्या अगदी जवळ लहान क्षमतेचा फ्यूज हवा, तार किल्लीने चालू-बंद होणाऱ्या जोडणीवरून घेतलेली हवी, आणि इंजिन व केबिन यांच्या मधल्या पत्र्यातून ती रबरी ग्रोमेटमधूनच (पत्र्याच्या भोकात बसणाऱ्या रबरी कड्यातूनच) आत आणली पाहिजे. जुन्या पद्धतीचे अँपिअर मीटर नव्याने बसवू नये, कारण त्यासाठी चार्जिंगचा सगळा प्रवाह केबिनमध्ये आणावा लागतो. व्होल्टमीटर तीच माहिती सुरक्षितपणे देते: इंजिन बंद असताना सुमारे १२.६ आणि चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारे यंत्र) गरजेप्रमाणे चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथे आकडा काही वेळ खाली आला तरी अल्टरनेटर बदलण्याची घाई करू नये.

दाबाच्या मीटरचा स्वस्त प्रकार म्हणजे बारीक नळीने प्रत्यक्ष ऑइल डॅशबोर्डपर्यंत आणणारा. प्रवासी गाडीत तो बसवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ती नळी तुटली तर गरम ऑइल दाबाने चालकाच्या पायांवर येते. विजेवर चालणाऱ्या मीटरचा सेन्सर इंजिनजवळच राहतो. तो बसवताना कंपनीचा मूळ ऑइल स्विच काढून त्या जागी नवा सेन्सर ठोकण्याची पद्धत सर्रास दिसते, आणि त्यामुळे मूळ लाल दिवा कायमचा निकामी होतो. टी-जोड (एका तोंडाची दोन तोंडे करणारा जोड) वापरून स्विच आणि सेन्सर दोन्ही ठेवले पाहिजेत. एकाच तारेच्या सेन्सरला अर्थ (विजेचा परतीचा मार्ग) इंजिनच्या धातूतून मिळतो. सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळली तर हा अर्थ कच्चा होऊन मीटर खोटे आकडे दाखवते, हेही अनेकांच्या ध्यानात येत नाही.

मीटरच्या जागेचा प्रश्न तरुण मालकांच्या बाबतीत अधिक येतो. समोरच्या काचेलगतच्या खांबावर गोल मीटर शोभून दिसते, पण ज्या गाड्यांत पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग आहे तिथे ती खांबाच्या वरच्या भागातून आणि छताच्या कडेने उघडते. तिथे स्क्रूने बसवलेली वस्तू धडकेच्या वेळी डोक्याकडे फेकली जाऊ शकते. डाव्या बाजूच्या एअरबॅगच्या झाकणावरही काही चिकटवू नये. गिअरच्या पुढची किंवा डॅशबोर्डच्या मधली खालची जागा बरी. तापमान आणि व्होल्टेज एवढेच हवे असेल तर तारा न तोडता ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीचे दोष तपासण्यासाठी कंपनीने दिलेल्या सॉकेटमध्ये) बसणारे मीटर पुरते, मात्र ऑइलचा दाब त्यावर बहुतेक गाड्यांत मिळत नाही.

कायद्याचा मुद्दा थोडक्यात सांगतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या बदलांना मनाई करते. लहान मीटरने तो तपशील बदलत नाही. परंतु मूळ वायरिंग कापले असेल तर वॉरंटीच्या वेळी वाद उद्भवतो.

माझी विनंती सोलापुरातील वाहनमालकांना आणि माझ्या व्यवसायबंधूंना आहे. मीटर बसवल्यावर बिलासोबत एक चिठ्ठी द्यावी व मालकाने ती मागून घ्यावी: वीज कोणत्या तारेवरून घेतली, फ्यूज कुठे आणि किती अँपिअरचा आहे, सेन्सर कुठे बसवला आणि मूळ स्विच जागेवर आहे की नाही. पुढे रात्री-अपरात्री परगावच्या कारागिराला ती गाडी उघडावी लागली, तर त्याला डॅशबोर्डमागच्या अनोळखी तारा तोडत बसावे लागणार नाही. चिठ्ठी लिहून देण्यास जो कारागीर तयार नसेल, त्याच्याकडे हे काम देऊ नये.

आपला नम्र,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन, सोलापूर