‘सिनेमा तर चालतोय ना, सर?’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत डीव्हीडीचा मृत्युलेख वाचला. तबकड्या गेल्या, जाऊ देत. व्हिडिओ कॅसेट गेली तेव्हाही मी सुतक पाळले नव्हते. पण लेखकमहाशयांनी जाता जाता बोनस फीचर्सना, म्हणजे तबकडीवर सिनेमासोबत मिळणाऱ्या जादा ऐवजाला, ‘खोगीरभरती’ म्हटले आणि ‘तसेही ते बघत होते कोण?’ असा सवाल टाकून ते मोकळे झाले, तेव्हा राहवेना. मी बघत होतो. आमच्या घरात सगळेच बघत. कधी कधी तर सिनेमा रटाळ निघायचा आणि तो कसा केला हे सांगणारी मंडळी रंगतदार निघायची.

आधी छायाचित्राचे उरकून घेतो. लेखाशेजारी छापलेली ती भलीमोठी तबकडी डीव्हीडी नव्हे. डीव्हीडीचा व्यास १२ सेंटिमीटर. चित्रातल्या गृहस्थांनी दोन्ही हातांनी सावरून धरली आहे ती ३० सेंटिमीटरची लेझरडिस्क. तरी तुमच्या छायाचित्र विभागाचे आभारच मानतो, कारण चुकून का होईना, त्यांनी लेखकापेक्षा मुद्द्याचे काहीतरी छापले. कॉमेंटरी, म्हणजे सिनेमा चालू असताना त्यावरून ऐकू येणारे जाणकारांचे बोलणे, जन्माला आली ती याच तबकडीवर. १९८४ मध्ये क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीने १९३३ चा ‘किंग काँग’ लेझरडिस्कवर आणला. सिनेमाचा आवाज एका ध्वनिपथावर भागत होता, दुसरा मोकळा होता. त्या मोकळ्या पथावर रोनाल्ड हेव्हर नावाचे अभ्यासक सिनेमाभर बोलले. भरती म्हणायचीच असेल तर ती पहिली भरती! पुढे डीव्हीडीत तर आवाजाच्या आठ पथांची सोय झाली. दिग्दर्शक एका पथावर, नट दुसऱ्यावर, ध्वनीवाले तिसऱ्यावर; रिमोटवरचे बटण दाबत ज्याला ऐकायचे त्याच्याकडे जा.

त्यात टाकाऊ माल भरपूर होता, हे कोण नाकारतो? नायिका म्हणते सेटवर अगदी घरच्यासारखे वातावरण होते, नायक म्हणतो दिग्दर्शकांकडून खूप शिकायला मिळाले, दिग्दर्शक म्हणतात ही भूमिका दुसरे कोणी करूच शकले नसते. मग ट्रेलरमधलेच तुकडे पुन्हा. असले साचेबंद कौतुक मीही पुढे ढकलले आहे. पण त्यावरून सरसकट निकाल द्यायचा, तर वर्तमानपत्रांचे काय करायचे, हे मी संपादकांनाच विचारत नाही.

लेखकांनी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या विस्तारित आवृत्त्या कधी हातात घेतल्या होत्या का? प्रत्येक भागाला चार तबकड्या, त्यांतल्या दोन निव्वळ मेकिंगच्या. उंच जादूगार गॅन्डाल्फ आणि बुटका फ्रोडो घोडागाडीत खेटून बसलेले दिसतात ना? प्रत्यक्षात गाडीची बैठकच अशी बनवलेली की एक जण कॅमेऱ्याजवळ आणि दुसरा चांगला मागे. म्हणून मागचा बुटका भासतो. यात संगणकाची जादू नाही, सुताराची आहे. दुसऱ्या भागात ते राक्षसी सैन्य आरोळ्या ठोकते, त्या आरोळ्या वेलिंग्टनच्या स्टेडियममध्ये क्रिकेटचा सामना बघायला आलेल्या सुमारे २५ हजार प्रेक्षकांच्या आहेत. दिग्दर्शक पीटर जॅक्सन स्वतः मैदानात उतरून त्यांच्याकडून त्या वदवून घेतो आणि ते बापडे सामना विसरून बेंबीच्या देठापासून ओरडतात. हे पाहिल्यावर आमच्या घरात दुसरा भाग लागला की लढाईआधी कोणीतरी ‘आऊट आहे!’ असे ओरडतोच.

‘थोर दिग्दर्शक आपल्या कलाकृतीचे स्पष्टीकरण देत नाहीत’ असेही एक वाक्य लेखात आहे आणि दाखला दिवंगत डेव्हिड लिंच यांचा. बरोबर. लिंच कॉमेंटरीच्या विरोधात होते, ‘मलहॉलंड ड्राइव्ह’च्या डीव्हीडीत त्यांनी प्रकरणेसुद्धा, म्हणजे थेट हव्या त्या प्रसंगावर उडी मारायचे टप्पे, पाडू दिली नाहीत. पण त्याच डीव्हीडीच्या खोक्यात त्यांनी दिलेल्या दहा सूचनांचे एक कार्ड होते: कोडे सोडवायचे तर याकडे लक्ष द्या, त्याकडे लक्ष द्या. मग ते कार्ड काय होते, खोगीर की भरती?

पण खरा राग वेगळाच आहे. ‘आता सारे काही ऑनलाइन उपलब्ध आहेच’ हे लेखातले शेवटचे वाक्य. आहेच? एक सिनेमा मी एका संकेतस्थळावरून ‘विकत’ घेतला होता. नाव सांगत नाही. सगळ्यांची तऱ्हा तीच. भाड्याने नव्हे, विकत, आणि तोही केवळ कॉमेंटरीसाठी. दिग्दर्शक आणि छायालेखक शेजारी शेजारी बसून बोलतात आणि अर्धा वेळ भांडतात. पावसाचा प्रसंग आला की दिग्दर्शक ऐटीत सांगतात, ‘हा पाऊस खरा, आम्ही त्याची वाट पाहिली.’ छायालेखक हसतात आणि म्हणतात, ‘खरा पाऊस होता, पण तुझ्या कॅमेऱ्यात तो दिसतच नव्हता. सरींच्या मागून दिवा मारल्याशिवाय पाऊस दिसत नाही. इथे दिसतोय तो टँकरचा, आणि दिवा त्या झाडामागे आहे.’ दिग्दर्शक गप्प. थोड्या वेळाने पुटपुटतात, ‘टँकर नंतर आला.’ छायालेखक, ‘टँकर आधीपासून उभा होता, तू बघितला नाहीस.’ तेव्हापासून कुठल्याही सिनेमात पाऊस लागला की मी आधी मागचा दिवा शोधतो. घरचे वैतागतात, तो भाग वेगळा.

तर एके दिवशी ही कॉमेंटरी नाहीशी झाली. अ‍ॅप अपडेट झाले आणि सिनेमाखालचा ‘एक्स्ट्रा’ हा कप्पाच उडाला. सूचना नाही, दिलगिरी नाही. ग्राहक सेवेला लिहिले. पलीकडच्या मुलाशी झालेला संवाद असा:

‘सर, सिनेमा चालत नाहीये का?’

‘सिनेमा चालतोय. कॉमेंटरी गेली.’

‘आवाज येत नाहीये का, सर?’

‘आवाज येतोय. दुसरा आवाज येत नाही.’

‘सर, टीव्ही एकदा बंद करून चालू कराल का?’

केला. अर्थातच काही झाले नाही. मग त्याने वरिष्ठांना विचारून सांगितले की सदर घटक आता उपलब्ध नाही. मी म्हटले, मी तो विकत घेतला होता. त्यावर तो अत्यंत नम्रपणे म्हणाला, ‘पण सिनेमा तर चालतोय ना, सर?’ त्या पोराला दोष देत नाही. त्याच्यासमोरच्या पडद्यावर जे लिहिले असेल तेच तो वाचणार. पाठोपाठ ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे’ असा ईमेल आला आणि खाली पाच तारे, सेवा कशी वाटली ते सांगायला. मी एक तारा दिला. तत्काळ उत्तर आले, ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.’ या सिनेमाची डिस्क आता कुठे मिळत नाही. डिस्क असती तर कपाटातून ती काढून न्यायला कोणाला निदान दार तरी वाजवावे लागले असते.

यूट्यूबवर सगळे सापडते, असे सांगणारे हितचिंतक घरातच आहेत. सापडते ते असे: तीन मिनिटांत ‘तुमच्या लक्षात न आलेल्या गोष्टी’, सांगणारा सेटच्या आसपासही न फिरकलेला. ज्याने दिवा लावला त्याने, दिवा पडद्यावर असताना, त्याबद्दल बोलणे वेगळे.

आणि आता तर श्रेयनामावलीही नकोशी झाली आहे. शेवटचे दृश्य संपते न संपते तोच चित्र आक्रसून कोपऱ्यात जाते आणि पुढच्या कार्यक्रमाची उलटी मोजणी सुरू होते. शेकडो माणसांची नावे टपाल तिकिटाएवढ्या चौकटीत पळतात. ते थांबवायचे तर रिमोट आधीच हातात धरून बसायचे, म्हणजे शेवटचा प्रसंग डोळ्यांनी बघायचा आणि अंगठ्याने पहारा द्यायचा.

नावांवरून आठवले. आपल्या शुक्रवारच्या परीक्षणांत नायक, नायिका, दिग्दर्शक आणि ‘कथेत दम नाही’ एवढे असते. संकलकाचे नाव नाही, ध्वनी कोणाचा ते नाही, छायालेखकाचे नाव आले तर ‘छायाचित्रण नेत्रसुखद’ एवढ्या मेहेरबानीपुरते. याबद्दल मी पूर्वीही लिहिले होते. ते पत्र छापून आले, पण त्यातला नेमका हाच परिच्छेद जागेअभावी गळला होता. तरी पुन्हा विनंती करतो की परीक्षणाच्या शेवटी या तिघांच्या नावांची एक ओळ द्यावी. जागेची अडचण असल्यास वरचे तारे थोडे लहान छापावेत.

आपला,
एक जुना वाचक